गावच्या ठरावाचा मागोवा

३ एप्रिल २०१७ रोजी पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला की, मागण्या मान्य झाल्या नाहीत तर १ जूनपासून शेतकरी संपावर जातील. शहराकडे दूध आणि भाजीपाला जाणार नाही, खरिपात घरापुरतेच पिकवले जाईल. दुसऱ्याच दिवशी उत्तर प्रदेशच्या नव्या मंत्रिमंडळाने ३६,३५९ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. तिकडे होते तर इकडे का नाही, हा प्रश्न मग महाराष्ट्रात कोणाला शिकवावा लागला नाही. नोटबंदीने हातातली रोकड गेली होती आणि तुरीचे विक्रमी पीक भाव पाडून बसले होते. पुणतांब्याच्या पाठोपाठ इतर गावांच्या ग्रामसभांतही असेच ठराव होऊ लागले.

गोदाकाठी, चांगदेव महाराजांच्या समाधीपाशी वसलेले हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरचे जंक्शन आहे. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. पाटपाण्यावरचा हा मुलूख एकेकाळी सधन म्हणून ओळखला जाई. म्हणूनच इथून उठलेला संप सरकारला अवघड गेला. दुष्काळी भागातली हाक मदत मागते, बागायतदाराची हाक हिशेब मागते. हिशेब मांडणाऱ्यांत तरुण पुढे होते. शिकून नोकरी न लागलेली किंवा बापाची शेती हाती घेतलेली ही पिढी. ठराव आणि मागण्या मोबाइलवरून गावोगाव पोचवण्याचे काम तिचेच.

तरुणांना देशाच्या धोरणात सहभागी करून घ्या, असे सरकारही अधूनमधून म्हणत असते. राष्ट्रीय युवा धोरण पहिल्यांदा १९८८ मध्ये आले, मग २००३ मध्ये, मग २०१४ मध्ये. शेवटच्या धोरणाने १५ ते २९ वयाला तरुण ठरवले आणि राजकारण व शासनव्यवहारातला सहभाग हे आपल्या अकरा प्राधान्यक्षेत्रांपैकी एक मानले. महाराष्ट्राचे स्वतःचे युवा धोरण २०१२ चे आहे. त्याआधीपासून, १९६९ पासून, राष्ट्रीय सेवा योजना आहेच. तिच्या शिबिरांतून मुलांनी गावोगाव बंधारे बांधले, झाडे लावली. या साऱ्यात तरुणाकडून श्रम मागितले जातात, मत क्वचितच. पुणतांब्याच्या मुलांनी वापरलेले गावठरावाचे हत्यार यातल्या एकाही कागदातून आलेले नव्हते. ते खूप जुने आहे.

त्याची एक ठळक नोंद शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावची. १८७४ च्या अखेरीस तिथल्या सावकाराने देशमुखांच्या घरावर जप्तीचा हुकूम आणला आणि घर पाडण्याची तयारी केली. गावाने एकजुटीने ठरवले, सावकाराचे शेत कसायचे नाही आणि त्याचे काम करायचे नाही. न्हाव्यापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांनी हात आखडता घेतला. ही युक्ती आसपासच्या गावांत पसरली. गावकऱ्यांनी सह्या-अंगठ्यांनिशी संमतिपत्रे लिहिली. इंदापूर तालुक्यातल्या कळसचे असे एक पत्र पुढे दंगल आयोगाच्या दप्तरात गेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगल झाली. लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि नगरपर्यंत गेले. जमावाला हवे होते कर्जरोखे. ते हाती आले की जाळले जात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, त्यात सारावाढ झाली होती. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. गावच्या कागदाने सुरू झालेली गोष्ट पाच वर्षांत कायद्याच्या कागदापर्यंत पोचली.

या कागदाची एक काळी बाजूही तेव्हाच दिसली. संमतिपत्र मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याची धमकी त्यातच असे. एकमत झालेच तर ते थोडे पटवून होई, थोडे धाक घालून. २०१७ मध्ये रस्त्यावर ओतलेले दूध आणि अडवलेल्या गाड्या याच वंशातल्या. त्यांतले काही दूध ज्याचे होते, त्याने संपाला होकार दिला होता का, हे कोणी विचारले नाही.

तरुण या कहाणीत उघडपणे येतात ते १८९६ च्या दुष्काळात. पुणे सार्वजनिक सभेची सूत्रे तेव्हा टिळकांच्या हाती होती. सभेचे तरुण कार्यकर्ते गावोगाव गेले आणि सरकारची दुष्काळ संहिता शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगू लागले: पीक बुडाल्यावर सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारनेच केली आहे, ती मागा. काहींवर खटले झाले. त्यांनी नवी मागणी शोधली नव्हती, सरकारचेच पुस्तक उघडून सरकारपुढे धरले होते. पुणतांब्याने हमीभावाची शिफारस करणाऱ्या स्वामिनाथन आयोगाचे नाव घेऊन जे केले, त्याची ही रंगीत तालीम म्हणावी लागेल.

ठरावाला सर्वांत लांब पल्ला मिळाला तो कोकणात. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावात पंचवीस गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचे ठरवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या, लोकांनी लाकूडफाटा विकून पोट भरले. दरम्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कूळकायदा १९३९ मध्ये आला, खोती स्वातंत्र्यानंतर गेली. चरीला जे साधले त्याचे कारण असे की, शेतात संप चालू असताना सभागृहात त्याची भाषा बोलणारा माणूस होता.

नगर-नाशिक पट्ट्यात ही शिकवण पुन्हा आणली शरद जोशींनी. बर्नमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले, आणि १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात शेतकरी संघटनेचे नाव घरोघरी गेले. छातीवर लाल बिल्ला लावलेल्या तरुण पोरांना त्यांनी शिबिरांत बसवून उत्पादन खर्च काढायला शिकवला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या हिशेबातून आली. शेतकऱ्याच्या पोराने बाजारभावावर अर्थशास्त्रात बोलायचे असते, ही सवय या भागाला तेव्हा लागली.

पुढचे दोन धागे कायद्याचे आहेत. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये ग्रामसभेला घटनेत जागा दिली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. दोन्ही एकत्र वाचले की लक्षात येते, आमदार व्हायला २५ वर्षे लागतात, ग्रामपंचायत सदस्य व्हायला २१, पण ग्रामसभेत उठून सूचक व्हायला अठरा पुरतात. १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसे, यांतली लहान संख्या जमली की गणपूर्ती झाली. तिथे इतिवृत्तात लिहिलेला ठराव हा सरकारी दप्तरातला कागद असतो. त्या जुन्या संमतिपत्रांना वाळीत टाकण्याचा धाक लागे. या कागदामागे घटना आहे.

पेरणी थांबवण्याचा संप पुणतांब्याआधीही झाला होता, त्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला. २०११ च्या खरिपात आंध्रच्या कोनसीमा भागातल्या भातशेतकऱ्यांनी पीकच न घेण्याचे ठरवले. खर्च निघत नसेल तर पेरायचे कशाला, हा सवाल मुखापाशीही होता आणि वरच्या खोऱ्यातही.

पुणतांब्याच्या मागण्यांत कर्जमाफी सगळ्यांना ऐकू आली. त्यामागची मोठी मागणी होती स्वामिनाथन आयोगाची अंमलबजावणी. २००४ मध्ये नेमलेल्या या राष्ट्रीय शेतकरी आयोगाचा शेवटचा अहवाल ऑक्टोबर २००६ चा. हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट असावा, ही त्याची शिफारस सर्वांना पाठ आहे. पण शिकलेल्या तरुणांना शेतीकडे आकर्षित करणे आणि तिथे टिकवणे हेही त्या आयोगाच्या कामाचे सूत्र होते. म्हणजे तरुणांसाठीचे खरे राष्ट्रीय धोरण आधीच लिहिलेले होते. फक्त त्यावर युवा असा शिक्का नव्हता. पुणतांब्याच्या पोरांनी ते ओळखले.

ठराव चुकला तो संप थांबवण्याच्या टोकाला. १ जूनला संप सुरू झाला, बाजार समित्या ओस पडल्या. २ जूनच्या रात्री संपाचे काही प्रतिनिधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ‘वर्षा’ बंगल्यावर भेटले आणि पहाटे संप मागे घेतल्याची घोषणा झाली. नाशिक व इतर ठिकाणच्या शेतकऱ्यांनी ती मानली नाही. ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला. ६ जूनला शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौरला गोळीबारात शेतकरी मेले. अखेर २४ जूनला सरकारने दीड लाखापर्यंतची, ३४,०२२ कोटींची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. पुढे अर्ज ऑनलाइन झाले आणि याद्यांचे चावडीवाचन करण्याचा आदेश निघाला. ग्रामसभेतून धोरण निघाले होते, ग्रामसभेत परत आली ती नावांची यादी.

संप कधी सुरू करायचा हे गावाने लिहिले होते. कोण बोलणी करणार, काय मिळाल्यावर थांबायचे आणि थांबण्याआधी कोणाला विचारायचे, हे कोणत्याही ठरावात नव्हते. म्हणून गावाचा शब्द एका रात्रीत गावाबाहेर खर्च झाला.

गाव गप्प मात्र बसले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये इथल्या तीन तरुण मुली शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी उपोषणाला बसल्या. दीडशे वर्षांच्या या कहाणीत सही-अंगठ्यांच्या रांगेत न दिसणाऱ्या घरातल्या लेकी इथे अग्रभागी आल्या. मे २०२२ मध्ये पुन्हा ग्रामसभा झाली, शिल्लक ऊस आणि कांद्याच्या भावासाठी १ जूनपासून धरणे ठरले. या वेळी कृषिमंत्री दादाजी भुसे बोलणी करायला पुणतांब्यात आले, आणि धरणे तात्पुरते थांबले. पाच वर्षांत एवढा फरक पडला की बोलणी बंगल्यावरून गावात आली.

उरलेली सुधारणा छोटी आहे आणि ती कोणत्याही युवा धोरणाची वाट पाहत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आहेत. पुढचा ठराव मांडणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोराने किंवा पोरीने मागण्यांखाली आणखी दोन ओळी लिहून घ्याव्यात: बोलणीला जाणाऱ्यांची नावे, आणि तडजोडीचा मसुदा याच ग्रामसभेत वाचल्याशिवाय संप मागे घेतला जाणार नाही.