नवा सांगाडा, जुने इंजिन

एका सालच्या मोटारीचा भाग दुसऱ्या सालच्या मोटारीला बसवून शर्यतीत उतरावे की नाही? कारखान्यांच्या गाड्या धावतात त्या रॅलीत या प्रश्नाचे उत्तर कागदावर असते. गाडीची जणू जन्मपत्रिकाच महासंघाकडे नोंदवलेली असते. तीत नसलेला भाग, मग तो त्याच कंपनीचा का असेना, सहसा चालत नाही. हौशी विद्यार्थ्यांच्या शर्यतीत मात्र हाच प्रश्न निराळे रूप घेतो, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

1979 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या विद्यापीठात ‘मिनी-इंडी’ नावाची एक चिमुकली शर्यत झाली. पाच अश्वशक्तीचे, गवत कापण्याच्या यंत्राला शोभेल असे इंजिन, आणि गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली! पुढच्या वर्षी ती भरवायला कोणी पुढे आले नाही. मग 1981 मध्ये ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी नवे नियम आखले आणि ‘फॉर्म्युला एसएई’ जन्माला आली. इंजिनाला मोकळीक, पण ते हवा ओढणार एका अरुंद गळ्यातून, ही तिची खुबी. आज पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीसाठी हा गळा 20 मिलिमीटरांचा असतो.

आपल्याकडे तिचे भावंड ‘फॉर्म्युला भारत’ कोइमतूरजवळच्या कारी धावमार्गावर भरत आले आहे. 1954 साली पेनिसिलिनच्या कारखान्याने ज्या पिंपरीचे नशीब पालटले, 1966 मध्ये जिथे टेल्कोने पाय रोवले, त्या परिसरातली मुले या खेळापासून दूर कशी राहतील? निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘क्रेटॉस’ हा संघ याच खेळातला.

आता मुख्य नियमाकडे वळू. मूळ नियमावली सांगते की, गाडी आपल्या पहिल्या स्पर्धेपासून बारा महिनेच ‘पहिल्या वर्षाची’ समजावी; आणि नवी गाडी म्हणवून घ्यायची तर निदान तिचा सांगाडा तरी नव्याने बांधलेला हवा. शंका निघाली तर पुरावा द्यायचा संघाने, परीक्षकांनी नव्हे! बाकी इंजिन, चाके, ब्रेक जुन्या गाडीतून उचलायला हरकत नाही. वाचकहो, आपली मुले दिवाळीत किल्ला करतात तसेच हे. मावळे गेल्या वर्षीच्या पेटीतले चालतात, पण माती नव्याने कालवावी लागते.

नियम कठोर वाटतो. नळ्या कापणे, वाकवणे, जोडणे यात रात्री जातात. वर्गणीचे पैसेही जातात. तरी मला तो योग्य वाटतो. नाहीतर चार वर्षांपूर्वीच्या हुशार तुकडीने केलेली गाडी पुढच्या तुकड्या नुसत्या पुसून नेतील. एकूण 1000 गुणांपैकी 325 गुण गाडी जागची न हलता मिळवायचे असतात. त्यात परीक्षक विचारतो, ‘‘हा सांधा असा का?’’ ‘‘दादा लोकांनी केला होता,’’ या उत्तराला गुण नसतात.

उसन्या भागांचीही गंमत पाहा. अनेक भारतीय संघ केटीएम ‘ड्यूक 390’चे इंजिन घेतात. ते तयार होते चाकणला, बजाजच्या कारखान्यात! 2013 च्या मॉडेलमध्ये थ्रॉटल तारेने ओढला जाई. 2017 मध्ये तो विजेच्या इशाऱ्यावर चालू लागला. शर्यतीच्या नियमांत विजेच्या थ्रॉटलसाठी स्वतंत्र आणि लांबलचक प्रकरण आहे. म्हणजे गाडीवर तेच नाव असले तरी साल बदलताच संघाच्या डोक्याला नवा ताप! 2023 च्या मॉडेलमध्ये दट्ट्याचा व्यास पूर्वीचाच, 89 मिलिमीटर. धाव मात्र 60 ची 64 झाली आणि इंजिन 373 चे 399 घनसेंटिमीटर झाले. तेव्हा बाहेरून जुळी दिसणारी इंजिने आतून सावत्र निघतात. नियमाने अदलाबदलीला परवानगी दिली तरी लोखंड देईलच असे नाही.

आणि जुन्या गाडीचे काय होते? स्पर्धेतून ती निवृत्त होते, पण नव्या चालकाला हात बसवायला तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. अर्थात तिचे इंजिन नव्या सांगाड्यात गेले नसेल तर!