दोन राजे आणि एक प्यादं



आमच्या गावात बुद्धिबळ पारावर चालायचं. पुरुष खेळायचे, मुली लांबून बघायच्या. गटातल्या मुलींसाठी आम्ही एक पट मागितला, तर जुना डबा हातात आला. त्यात दोन राजे, एक हत्ती आणि पाच प्यादी. बाकी सगळं गायब. बायका म्हणाल्या, "एवढ्यात काय खेळणार?"

पण शिकायची सुरुवात एवढ्यातूनच होते. क्यूबाचा कापाब्लांका १९२१ साली जगज्जेता झाला. त्याच वर्षी नवशिक्यांसाठी त्याचं पुस्तक निघालं. त्याची सुरुवातच मोजक्या मोहऱ्यांनी मात कशी करायची आणि प्यादं पलीकडे कसं न्यायचं, इथून होते. डावाच्या या अखेरीला एंडगेम म्हणतात.

ही अखेर पूर्वी वेगळी होती. हा खेळ आपल्या देशातून इराणात, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात गेला. तेव्हा वजीर तिरपा एकच घर चाले. प्यादं पलीकडे पोचून वजीर झालं, तरी फारसं बळ वाढत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे नियम बदलला. तिकडे वजिराला राणी म्हणतात. ती सरळ, आडवी, तिरपी, हवी तितकी घरं चालू लागली. तेव्हापासून शेवटच्या ओळीत पोचणाऱ्या प्याद्याची किंमत वाढली. आपल्या जुन्या देशी खेळात मात्र प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे, बहुधा तेच मोहरं बने. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. त्यातही डावातले अवघड प्रसंग मांडून शिकवलेलं आहे.

आता पहिला धडा. काळा राजा शेवटच्या ओळीत ठेवा. मध्ये एक घर सोडून त्याच्या समोर पांढरा राजा, आणि पांढऱ्या राजाच्या लगेच मागे पांढरं प्यादं. प्यादं कडेच्या पट्टीत नको. चाल कोणाचीही असो, नीट खेळलं तर पांढरा जिंकतो. राजे असे समोरासमोर आले, की ज्याची चाल असते त्यालाच बाजूला व्हावं लागतं. म्हणून राजाने पुढे होऊन वाट मोकळी करायची, प्यादं मागून येतं. आम्ही आधी प्यादंच पुढे दामटायचो आणि राजा कोपऱ्यात जपायचो. डाव बरोबरीत सुटायचा. सुरुवातीला लपवायचा राजा अखेरीस कामाला लावावा लागतो, हे कळायला आम्हाला चार बैठका लागल्या.

बायकांना या पटावर जागा मिळायलाही वेळ लागला. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्ही खेळाडू भारतीय होत्या, कोनेरू हंपी आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. पहिले तीन डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात मोहरे कमी झाले, घड्याळाचा ताण वाढला आणि दिव्याने तो डाव जिंकला. ग्रँडमास्टर हा किताबही तिला त्याच विजयाने मिळाला.

आता दर बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की पंधरा मिनिटं पट मांडतो. साठी ओलांडलेल्या आमच्या एक आत्याबाई आधी म्हणायच्या, "माझा डाव झाला, पोरींना शिकवा." गेल्या महिन्यात त्यांनी नातवाला एका प्याद्यावर मात दिली. तो पारावर खेळणारा. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यातले हरवलेले मोहरे लाकडाचे करून आणून दिले. आता मुली पूर्ण डाव खेळतात. आत्याबाई मात्र अजून दोन राजे आणि एक प्यादंच मागतात.

तुमच्या घरीही असा अर्धा डबा माळ्यावर पडला असेल. टाकू नका, काढा.