टेंभलीचा अंगठा

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली माहीत आहे ना? शहादा तालुक्यातलं हे छोटंसं गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक गावकऱ्यांच्या हाती दिले. पहिला मान गावातल्या एका बाईला मिळाला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि एक फोटो एवढं दिलं की १२ आकडी क्रमांक मिळायचा. हेतू चांगला होता. ज्याच्याकडे कसलाही कागद नाही त्याला ओळख मिळावी, त्याचं रेशन मधल्यामध्ये गळू नये.

अंगठा देणं आपल्या माणसांना नवीन नाही. सावकाराच्या रोख्यावर अंगठा उठवायचा, आणि रोखा राहायचा सावकाराच्या पेटीत. आत काय लिहिलंय ते ऋणकोला वाचता येत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, आणि हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. सावकारांत मारवाडी-गुजराती घरं बरीच होती, म्हणून हा इतिहास आपणही विसरू नये. पुढे १८७९ चा कायदा आला आणि शेतकऱ्याला पावती नि हिशोब लेखी मागण्याचा हक्क मिळाला.

आता टेंभलीकडे परत येऊ. रेशनसाठी दिलेला तो क्रमांक हळूहळू बँकेत, सिमकार्डाच्या दुकानात, शाळेच्या अर्जात मागितला जाऊ लागला. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार टिकलं, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठी त्याची सक्ती रद्द झाली. मग २०२३ च्या कायद्यानं आपली कुठली माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा हक्क लिहून ठेवला. १८७९ च्या हिशोबासारखाच हा हक्क.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. कागद जाळता येतो, पासवर्ड बदलता येतो. बोट बदलता येत नाही.

न दिलेलं घेऊ नये हे आपण पोरांना शिकवतो. एका कामासाठी दिलेलं दुसऱ्या कामाला वापरणं हेही न दिलेलं घेणंच. म्हणून झेरॉक्स देताना ‘कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका. पहिले ८ आकडे झाकलेलं आधार सरकारी संकेतस्थळावरून मिळतं. बोटांचे ठसे तिथेच कुलूपबंद करता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि कामाला येणाऱ्या बाईचंही एवढं करून द्या. दाराला कडी आपण स्वतःपुरती लावत नाही, घरातल्या सगळ्यांसाठी लावतो.