झरीला पोचलेलं निशाण

दर वर्षी १० ऑक्टोबरला तलासरी-डहाणूच्या पाड्यापाड्यांतून लोक लाल बावटे घेऊन निघतात आणि १९४५ साली तलवाड्याच्या गोळीबारात पडलेल्यांना सलामी देतात. या बावट्याचा उगम मात्र गोळी झाडणाऱ्यांच्या घरातला आहे.

२१ ऑक्टोबर १७८९. पॅरिसमध्ये पावाची टंचाई होती. त्या सकाळी जमावानं एका पाववाल्याला साठेबाज ठरवून ठार केलं आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सभेनं लष्करी कायदा मंजूर केला. दंगल होईल असं वाटलं की नगरभवनाच्या मुख्य खिडकीत लाल निशाण लावायचं, तेच रस्त्यांतून फिरवायचं, जमावाला पांगायला सांगायचं आणि नाही पांगला तर बंदुका चालवायच्या, अशी ती तरतूद होती. लाल निशाण म्हणजे सरकारचा शेवटचा इशारा. १७ जुलै १७९१ ला शाँ द मार्सच्या मैदानावर राजाला हटवा म्हणून अर्जावर सह्या करायला लोक जमले. नगराध्यक्ष बायी आणि सेनापती लाफायेतचे शिपाई हेच निशाण घेऊन आले आणि माणसं मारली गेली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या क्रांतिकारकांनी ते निशाण स्वतःच उचललं. सरकार बंड करत असेल तर जनताच त्याच्यावर लष्करी कायदा पुकारते, असा त्यांचा युक्तिवाद होता. शत्रूचं हत्यार हिसकावून घेण्याचे प्रकार इतिहासात पुष्कळ आहेत, पण शत्रूची धमकीच आपल्या खांद्यावर घेऊन चालण्याची ही तऱ्हा वेगळी.

१८३१ मध्ये वेल्समधल्या मर्थरच्या खाणकामगारांनी लाल फडकं उभारलं, ते वासराच्या रक्तात भिजवलेलं होतं असं सांगतात. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसच्या नगरभवनासमोर लोकांनी लाल झेंडा राष्ट्रध्वज करा म्हणून हट्ट धरला. कवी लामार्तिननं भाषण करून तो परतवला आणि तिरंगा राखला. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये मात्र लाल झेंडा नगरभवनावर चढला. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर त्याला एक राज्यच मिळालं. आपल्याकडे १ मे १९२३ ला मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर कामगार पुढारी सिंगारवेलूंनी तो फडकवला. त्यासाठी मुलीची लाल साडी कापली, अशी आठवण सांगितली जाते.

मुंबईत तो १९२८ च्या गिरणी संपात आला. सहा महिने चाललेला तो संप आणि त्यात जन्मलेली ‘गिरणी कामगार युनियन (लाल बावटा)’. झेंडा कंसात का होईना, पण संघटनेच्या नावातच बसला, कारण गिरणगावात युनियनी आणखीही होत्या आणि कामगाराला आपली कुठली ते रंगावरून कळत होतं. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही युनियनची पुढारी मंडळी पुढच्याच मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यात धरली गेली. तोवर बावटा गिरणगावातून घाटावर आणि कोकणात घरी जाणाऱ्या कामगारांबरोबर प्रवासाला लागला होता. तलासरी-डहाणूचे वारली आदिवासी मात्र गिरणीत नव्हते. ते जंगलात आणि शेठच्या वाडीत होते. उंबरगाव तालुक्यातल्या वारल्यानं तोवर लाल निशाण पाहिलंच असेल, तर बीबीसीआय रेल्वेच्या गार्डाच्या हातात.

त्या मुलखात बावट्याआधी एक देवी येऊन गेली होती. १९२२ च्या सुमाराला पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवी अंगात येऊ लागली. ती अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून बोलायची, दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा म्हणायची. तिथून ती उत्तरेला सरकत दक्षिण गुजरातच्या डोंगरपट्टीत गेली. तिथं दारूच्या पारशी मक्तेदारांवर आणि जमीनदारांवर बहिष्कार टाकण्यापर्यंत गोष्ट पोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. सांगायचं एवढंच की पुढं १९४५ मध्ये बावट्याखाली भरलेल्या झरीच्या सभेनं झोपलेल्यांना पहिल्यांदा जागं केलं, असं समजणं हा शहरी कार्यकर्त्यांचा लाडका समज आहे. एकत्र जमायचं, एक गोष्ट ठरवायची आणि ती गावोगाव पोचवायची, याची सवय इथं आधीपासून होती.

वेवजी, झरी, तलासरी हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. जमिनी सावकारांच्या आणि शेठांच्या: पारशी, इराणी, वाणी, ब्राह्मण, मुसलमान. जंगल सरकारचं आणि त्याचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, ठेकेदारांचे. वारल्याच्या वाट्याला वेठ होती, म्हणजे बोलावलं की फुकट राबायचं. लग्नाला पैसे लागले की सावकार कर्ज द्यायचा आणि नवरा-बायको दोघं त्याचे लग्नगडी व्हायचे. कर्ज फिटायचं नाही, बापाचं मुलाकडे जायचं. हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. मुंबई सरकारनं नेमलेल्या सायमिंग्टन या गोऱ्या अधिकाऱ्यानं १९३९ च्या अहवालात ते सगळं लिहून ठेवलं. अहवाल कपाटात राहिला.

त्याच सुमाराला दोन माणसं भारत सेवक समाजाबाहेर पडत होती. गोदावरी गोखले पुण्याच्या, जन्म १९०७ चा, कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रियांपैकी. नामदार गोखल्यांच्या या समाजात आजीव सदस्य म्हणून घेतलेली पहिली स्त्री. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं, घरगडी-मोलकरणींची संघटना बांधली. शामराव परुळेकर बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. १० जानेवारी १९३८ ला खोतीविरुद्ध कोकणातले शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले, त्या मोर्चाच्या उभारणीत ते होते. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. सनदशीर सुधारणेचं व्रत घेतलेली ही माणसं लाल झेंड्याखाली का गेली, याचं उत्तर मला त्यांच्या विचारसरणीपेक्षा सायमिंग्टनच्या कपाटबंद अहवालात जास्त सापडतं.

या दोघांच्या पुढाकारानं जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले. त्यांत झरीचे माह्या धांगडा होते. हजारो शेतकऱ्यांसमोर ते बोलायला उभे राहिले आणि वेठ, मार, लग्नगडी हे सगळं त्यांच्या तोंडून बाहेर आलं. परत जाताना किसान सभेचा बावटा त्यांच्या मुलखात गेला. २३ मे १९४५ ला झरीला सभा भरली, पाचेक हजार आदिवासी आले. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय शेठच्या जमिनीवर राबायचं नाही. मारलं तर एकट्यानं सोसायचं नाही, सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. या ठरावांत समाजवाद शोधूनही सापडत नाही. मला वाटतं, बावटा तिथं रुजला तो बारा आण्यांमुळे. पॅरिसमध्ये त्याच्यावर रक्ताच्या कविता झाल्या; झरीला तो मजुरीचा दर सांगत होता.

पुढच्या काही आठवड्यांत उंबरगावातली वेठ जवळजवळ थांबली. डहाणू तालुक्यात वारली गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना सावकाराच्या दारातून बाहेर काढलं. गोदावरीबाईंना लोक गोदाराणी म्हणू लागले. हे नाव त्यांना मनातून रुचलं असेल का, शंका आहे. पण ज्या मुलखात सत्ता म्हणजे शेठ नाहीतर फौजदार, तिथं आपल्या बाजूच्या सत्तेला दुसरं काय म्हणणार?

मग ऑक्टोबर. परुळेकरांच्या सांगण्याप्रमाणे जमीनदारांनी अफवा पसरवली की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी काठ्या घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना कळवलं गेलं की वारली लुटालूट करायला जमताहेत. १० ऑक्टोबरच्या रात्री हजारो माणसं तलवाड्याला जमली. शामरावांच्या लेखी आकडा तीस हजारांवर जातो. गोदावरीबाई तिथं नव्हत्या. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पुन्हा दुसऱ्या दिवशीही झाडल्या. बावट्यानं बोलावलं आहे तर बावट्यानं सांगेपर्यंत जायचं नाही, असं मानून लोक थांबून राहिले. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

पॅरिसच्या कायद्यात लाल निशाण दिसलं की लोकांनी घरी जायचं होतं. तलवाड्याला लाल निशाण होतं म्हणून लोक घरी गेले नाहीत.

गोळीबारानं चळवळ मोडेल ही अटकळ फसली. त्याच हंगामात गवत कापणीचा संप झाला. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत हा शेठांचा मोठा धंदा, आणि पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. बावट्यावरचा विळा इथं रोज हातात असायचा. हातोडा मात्र परका. १९४६ मध्ये कुपांतल्या लाकूडतोड्यांचा संप झाला आणि रोजाला किमान सव्वा रुपया ठेकेदारांच्या संघटनेला कबूल करावा लागला. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. ७ जानेवारी १९४७ ला नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच जण पडले. स्वातंत्र्य तेव्हा सात महिन्यांवर होतं.

त्यानंतरची शामरावांची कहाणी बरीचशी तुरुंगाची आणि भूमिगत वर्षांची आहे. १९५४ च्या पावसाळ्यात नगरहवेलीतून पोर्तुगीजांना हुसकावताना इतर गटांबरोबर तलासरीकडचे वारलीही बावटा घेऊन हद्द ओलांडून गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली. पक्ष १९६४ मध्ये फुटला, पुन्हा धरपकड झाली आणि ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव आर्थर रोड तुरुंगातच वारले. गोदावरीबाई आणखी एकतीस वर्षं जगल्या. १९७० मध्ये त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. मराठी वाचकाला वारल्यांचं बंड माहीत आहे ते या पुस्तकातून. पुस्तक थोर आहे, पण ते बावटा घेऊन आलेल्या बाईचं आहे. तो धरून उभ्या राहिलेल्यांना लिहिता येत नव्हतं. जेठ्या गांगडांचं आख्खं आयुष्य मराठीत एका रात्रीपुरतं आहे.

आणि बावट्याचं पुढं काय झालं? तो कचेरीत गेला. तलासरीची पंचायत समिती दशकानुदशकं मार्क्सवादी पक्षाकडे राहिली, आश्रमशाळा निघाल्या, गोदावरीबाईंच्या नावाचं महाविद्यालय उभं राहिलं. नवऱ्या-बायकोचं भांडण, बांधाचा वाद, वनखात्याच्या शिपायाचा त्रास, सगळं पक्षाच्या कार्यालयात येऊ लागलं. सत्ता आली की तिला प्रश्न विचारणारेही येतात. १९७० च्या दशकात काळूराम धोदड्यांची भूमिसेना आणि १९७८ पासून डहाणूत कष्टकरी संघटना उभी राहिली. कष्टकरी संघटनेचं लाल बावटेवाल्यांशी वैर झालं आणि त्यात मारामाऱ्याही झाल्या. गरिबाचा बावटा म्हणून तो चुकत नाही, असं मानणाऱ्यांनी हे पान वगळू नये. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या किसान सभेच्या लाँग मार्चमुळे शहरानं बावटा नव्यानं पाहिला. दहावीच्या परीक्षेच्या सकाळी मुलांची अडचण नको म्हणून मोर्चा रात्रीच चालला, याचं कौतुक खूप झालं. मागणी वनहक्काच्या जमिनींची होती, तिची चर्चा त्या मानानं कमी झाली.

१ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होताना उंबरगाव तालुक्याचे दोन तुकडे झाले. मोठा भाग गुजरातला गेला, उरलेला तलासरीकडे आला. वेवजी महाराष्ट्राच्या शेवटच्या टोकाला राहिली, तिच्या अंगाला लागून असलेलं सोळसुंबा गुजरातेत. दोन्हीकडे वारली, दोन्हीकडे तेच १९४५. आज डहाणू मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ मध्ये निवडून आलेले विनोद निकोले हे राज्यातले मार्क्सवादी पक्षाचे एकमेव आमदार. पलीकडच्या उंबरगावात २०१२ पासून सलग भाजप. झेंडा रक्तातून उतरत असता तर असं झालं नसतं. इकडे ठाणे जिल्ह्याची किसान सभा, तिच्या शाळा, तिचे मोर्चे आणि तिची पंचायत समिती टिकली. तिकडे रेषा पडल्यावर ती यंत्रणा तुटली आणि त्या जागी उंबरगाव, सरीगामच्या औद्योगिक वसाहती आल्या. तलासरीची तरुण पोरं आता सकाळी हद्द ओलांडून त्याच कारखान्यांत कामाला जातात, आणि तिथला रोज ठरवतो लेबर ठेकेदार.