मणिबेलीचा प्रश्न, बँकांचं उत्तर

मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम करणारा सॉफ्टवेअरवाला. गेल्या काही वर्षांत आमच्या डेटाबेसमध्ये नवे रकाने वाढलेत. वीज किती, पाणी किती, सांडपाणी जातं कुठे... सेबीने २०२१ मध्ये 'बीआरएसआर' नावाचा अहवाल आणला, २०२२-२३ पासून तो शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा झाला. या बड्या कंपन्या मग तेच प्रश्न आपल्या पुरवठादारांना विचारतात.

"गोऱ्यांचं फॅड आहे रे हे," असं कँटीनमध्ये सर्रास ऐकू येतं. पण मंडळी, पैसे देणाऱ्याने असले प्रश्न विचारावेत, या सवयीचं एक मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. नंदुरबार जिल्ह्यात (तेव्हाचा धुळे जिल्हा), अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदाकाठच्या मणिबेलीत.

जागतिक बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आदिवासींच्या पुनर्वसनाचे नियम बँकेकडे कागदावर होते. पण गावं नेमकी किती बुडणार, माणसं कुठे जाणार, याचा धड हिशोब नव्हता. म्हणजे टेस्टिंग न करताच प्रॉडक्शनला टाकलं म्हणा ना!

मणिबेली ही महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या बुडित गावांपैकी एक. पावसाळ्यात पाणी चढत असताना लोक तिथे सत्याग्रहाला बसले. इकडे मेधा पाटकरांनी १९८९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. गंमत बघा, जागतिक बँकेत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा. म्हणजे लोकांनी थेट भागधारकाचंच दार ठोठावलं. १९९० मध्ये जपानने या प्रकल्पातून हात काढून घेतला.

१९९१ मध्ये बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. आपणच कर्ज दिलेल्या प्रकल्पाची अशी बाहेरच्यांकडून तपासणी बँकेने याआधी कधी करून घेतली नव्हती. जून १९९२ चा अहवाल स्पष्ट होता: आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा अभ्यास अपुरा आहे, बँकेने एक पाऊल मागे घ्यावं. तरीही ऑक्टोबरमध्ये बँकेच्या संचालकांनी अटी घालून कर्ज चालू ठेवलं. शेवटी मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेली रक्कम नको म्हणून कळवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन केलं. बँकेने स्वतःचेच नियम मोडल्यामुळे नुकसान होत असेल, तर बाधित लोक आता थेट तक्रार करू शकत होते. पुढे जून २००३ मध्ये दहा खासगी बँकांनी 'इक्वेटर प्रिन्सिपल्स' स्वीकारली. मोठ्या प्रकल्पाला कर्ज देण्याआधी पर्यावरण आणि विस्थापन तपासायचं, तेही जागतिक बँक समूहातल्या आयएफसीच्या निकषांवर. २०१३ मध्ये मुंबईच्या आयडीएफसीने ती स्वीकारली, भारतातली पहिली.

यात बँकांचं मन पाघळलं वगैरे काही नाही हं. लोक अडून बसले की काम रखडतं, रखडलं की व्याज चढतं, आणि वर नाव खराब होतं ते वेगळंच. माणसांचं दुःख 'रिस्क' या शब्दात बसवता आलं, तेव्हा कुठे ते बँकेच्या फाइलीत शिरलं. हे मला थोडं टोचतं. पण आज निदान तो प्रश्न विचारला तरी जातो.

आणि धरणाचं काय? ते झालंच की! सरकारने दुसरीकडून पैसा उभा केला, ऑक्टोबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने बांधकामाला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. बँक मागे हटली, तिच्याबरोबर तिच्या अटीही गेल्या. बँकेचा प्रश्न तिचा पैसा आहे तिथपर्यंतच पोचतो. त्यापुढे तो सरकारला, कोर्टाला आणि आपल्यालाच विचारावा लागतो.