वराहगृहातील अमोनिया आणि नेदरलँड्समधील नियमन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पर्यावरणाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे वन, जल आणि जमीन यांचा विचार प्रामुख्याने होतो. गुरांच्या वा वराहांच्या निवाऱ्यातून बाहेर पडणारी हवा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना काहीशी विचित्र वाटण्याची शक्यता आहे. तथापि नेदरलँड्स या लहानशा देशात गेल्या चार दशकांत कायदे, न्यायालयीन निवाडे आणि शेतकऱ्यांची आंदोलने यांची एक मोठी मालिका याच हवेभोवती घडली. प्रस्तुत लेखात या घडामोडींचा कालानुक्रमे परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येची पार्श्वभूमी :

१९५० मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १९ लाख डुकरे होती. १९९० मध्ये हीच संख्या १ कोटी ३९ लाखांच्या घरात गेली, म्हणजे देशातील माणसांच्या संख्येच्या जवळ पोहोचली. ही वाढ सर्वत्र सारखी झाली नाही. नॉर्थ ब्राबांट, लिम्बुर्ख आणि गेल्डरलँड या प्रांतांतील वालुकामय, कमी कसाच्या जमिनींवर ती एकवटली. अशा जमिनीवर अल्पभूधारक कुटुंबाचा निर्वाह धान्यावर होत नसे. वराहपालनाला मात्र जमीन थोडीच लागे, कारण खाद्य बाहेरून येत असे. युरोपीय समुदायाच्या कृषिधोरणामुळे युरोपातील धान्य महाग होते, तर थायलंडमधून येणाऱ्या टॅपिओकावर केवळ ६ टक्के आयातशुल्क होते. टॅपिओका आणि सोयाबीनची पेंड रॉटरडॅम बंदरात उतरत असे व तेथून ब्राबांटच्या वराहगृहांत पोहोचत असे. १९८२ मध्ये थायलंडशी करार करून टॅपिओकाच्या आयातीवर मर्यादा घालण्यात आली, परंतु तोपर्यंत वराहपालनाचा पाया पक्का झाला होता. थायलंडच्या शेतातील कंद नेदरलँड्समध्ये खाल्ला जाई, मांस निर्यात होई आणि विष्ठा-मूत्र तेवढे ब्राबांटच्या वाळूत शिल्लक राही. अमोनियाच्या प्रश्नाचे मूळ या व्यापारात आहे, हे अनेक तांत्रिक लेखनात दृष्टीआड होते असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रासायनिक क्रिया समजण्यास कठीण नाही. डुकराच्या मूत्रात युरिया असतो आणि विष्ठेतील जिवाणूंजवळ युरिएज हे विकर असते. दोहोंचा संयोग होताच युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. फटींच्या काँक्रीट जमिनीखालील खड्ड्यात हे मिश्रण महिनोन्‌महिने साचून राहते. खड्ड्याचा उघडा पृष्ठभाग जितका मोठा, तापमान जितके अधिक आणि द्रवखताचा सामू जितका जास्त, तितका अधिक वायू बाहेर पडतो. पुढील काळातील जवळजवळ सर्व उपाय या तीन घटकांवर आधारलेले आहेत.

विज्ञानाचा हस्तक्षेप :

आरंभी अमोनियाकडे केवळ दुर्गंधीचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. या दृष्टीत मोठा बदल १९८२ मध्ये झाला. वाखेनिंगेन येथील मृदाशास्त्रज्ञ निको व्हान ब्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध त्या वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांच्या पर्णसंभारावरून ठिबकणाऱ्या पावसाच्या पाण्यात अमोनियम सल्फेट मोठ्या प्रमाणात असते आणि जमिनीत जिवाणू त्याचे नायट्रिक आम्ल करतात, असे त्यांनी दाखविले. अमोनिया हा अल्कधर्मी वायू आहे, म्हणून तो आम्लपर्जन्याचे निराकरण करीत असेल अशी तोवरची समजूत होती. हवेत ती खरी होती, मातीत मात्र ती उलटी ठरली. १९८५ मध्ये नायमेखेन येथील यान रूलोफ्स यांनी पाइन वृक्षांच्या हानीचा अमोनियमशी असलेला संबंध मांडला. हीदर या जांभळ्या फुलांच्या झुडपांची माळराने गवताने व्यापली जात असल्याचेही याच दशकात निदर्शनास आले.

शासनाने नोव्हेंबर १९८४ मध्ये वराह व कुक्कुटपालनाच्या विस्तारावर अंतरिम कायद्याने बंधन घातले. खेरिट ब्राक्स हे तेव्हा कृषिमंत्री होते. हा कायदा अमोनियासाठी नव्हता, द्रवखताच्या अतिरिक्त साठ्यासाठी होता. १९९० च्या दशकात द्रवखत शेतावर उघडे फवारण्याऐवजी जमिनीत वा जमिनीलगत सोडणे बंधनकारक झाले. देशाच्या एकूण उत्सर्जनातील घटीचा सर्वांत मोठा वाटा या एका नियमाचा होता. वराहगृहाचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण तेथे पद्धत नव्हे, इमारतच बदलावी लागणार होती.

इमारतीला दिलेला आकडा :

१९९३ पासून ‘ग्रीन लेबल’ योजनेद्वारे कमी उत्सर्जनाच्या निवाऱ्यांना मान्यता देण्यास प्रारंभ झाला. फटींचा भाग कमी करणे, खड्ड्याच्या भिंती उतरत्या बांधणे, द्रवखताचा पृष्ठभाग थंड ठेवणे, खड्डा वारंवार धुऊन काढणे, असे अनेक आराखडे त्यात आले. पुढे बाहेर जाणारी हवा आम्लाच्या पाण्यातून अथवा जिवाणूंच्या थरातून गाळणारी वायुशोधन यंत्रे आली. त्यांच्या बाबतीत ७० ते ९५ टक्के घट गृहीत धरली जात असे. शेजारच्या डेन्मार्कने निराळा मार्गही चोखाळला. तेथे वराहगृहातील द्रवखतातच गंधकाम्ल मिसळून सामू ५.५ च्या आसपास आणला जाई.

प्रत्येक आराखड्याला दर जागेमागे, दर वर्षाचा अमोनियाचा एक आकडा देण्यात आला. पारंपरिक निवाऱ्यात मांसासाठी वाढविलेल्या डुकरामागे तो सुमारे अडीच किलो होता. २००५ च्या निवारा-आदेशाने १.४ किलो ही कमाल मर्यादा ठरविली व हा आदेश २००८ मध्ये अमलात आला. वास्तविक खाद्यातील प्रथिने एक टक्क्याने कमी केली तर अमोनिया सुमारे १० टक्क्यांनी घटतो, हे १९९० च्या दशकातील वाखेनिंगेनच्या प्रयोगांतून दिसले होते. हा उपाय स्वस्त होता, परंतु रोजच्या खाद्यावर देखरेख ठेवणे प्रशासनाला अवघड होते. इमारतीचा नकाशा मात्र कार्यालयात बसून तपासता येतो. नियमनाचा कल इमारतीकडे गेला, त्याचे एक महत्त्वाचे कारण प्रशासकीय सोय हे असावे.

या आकड्याच्या बळावर परवाने दिले गेले. ज्याने यंत्र बसविले त्याला त्याच उत्सर्जनात अधिक डुकरे पाळता येऊ लागली. यंत्राचा खर्च मोठ्या कळपावरच परवडत असल्याने लहान शेतकरी मागे पडला. १९९७ च्या स्वाइन फीव्हरच्या साथीत १ कोटीहून अधिक डुकरे मारावी लागली आणि १९९८ च्या कायद्याने डुकरांची संख्या ‘हक्कां’त बांधली गेली. या दोन्ही घटनांनी अनेक लहान शेतकऱ्यांचे व्यवसाय सोडणे अधिक जवळ आणले.

न्यायालयासमोर आकडा :

१९९० नंतरच्या पंचवीस वर्षांत देशाचे अमोनिया उत्सर्जन कागदोपत्री निम्म्याहून अधिक घटले. ही घट बहुतांशी खरी होती. परंतु २०१८ मध्ये वाखेनिंगेनच्या संशोधकांनी प्रत्यक्ष शेतांवरील संयुक्त वायुशोधन यंत्रे मोजली, तेव्हा ती प्रमाणित आकड्यापेक्षा बरीच कमी कार्यक्षम आढळली. यंत्रात पाणी कमी सोडणे, आम्लाची मात्रा न राखणे, सफाई टाळणे अशी कारणे त्यात होती. दोष एकट्या शेतकऱ्याचा म्हणणे योग्य होणार नाही. प्रमाणपत्र प्रयोगातील यंत्राला मिळाले होते, ते रोज चालविण्याचा खर्च मात्र त्याच्यावर होता.

२९ मे २०१९ रोजी राज्यपरिषदेच्या न्यायविभागाने २०१५ पासूनचा नायट्रोजन कार्यक्रम युरोपच्या अधिवास निर्देशाशी विसंगत ठरविला. भविष्यात होणाऱ्या घटीच्या भरवशावर आज परवाना देता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय होता. हजारो प्रकल्प अडले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग येथे आले. याच सुमारास इच्छुक वराहपालकांना व्यवसाय बंद करण्यासाठी शासकीय अनुदान देण्याची योजना सुरू झाली. १८ डिसेंबर २०२४ च्या निवाड्याने जुन्या परवान्यातील उत्सर्जन नव्या बांधकामाच्या हिशेबात परवान्याविना वळते करून घेण्याची वाटही बंद केली. त्यामुळे अमोनिया कमी करण्यासाठी निवारा नव्याने बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्यासही आता निसर्ग-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.