'टेक्निकल ग्लिच' म्हणजे नेमकं काय?

कुठलीही मोठी यंत्रणा कोसळली की निवेदन येतं, 'टेक्निकल ग्लिच'. जणू आभाळातून पडलं! हा शब्द ऐकला की मला १९८६ सालचं टेक्सास आठवतं.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं, कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. टायलरच्या एका रुग्णालयात ऑपरेटरबाईंनी चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं आणि लगेच दुरुस्त केलं. हात सराईत. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागायची. बाईंची दुरुस्ती त्याआधीच उरकली. पडद्यावर नवी माहिती, यंत्राच्या पोटात निम्मी जुनी. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास किरण बसले. काही महिन्यांनी तो गेला. कंपनीचे लोक तपासून म्हणाले, असं होऊच शकत नाही. होणार कसं, हळू टाइप केलं तर चूक दिसतच नव्हती!

दोन कामं एकाच वेळी चालू असली की आधी कोण पोहोचतं यावर सगळं ठरतं. अशी चूक हजारदा चालवून बघितलं तरी सापडेलच असं नाही. म्हणून तर यासाठी गणित लागतं. आणि ते होतं हो! जर्मनीत कार्ल पेट्रीचा प्रबंध १९६२चा, इंग्लंडमध्ये टोनी होअरचा लेख १९७८चा, एडिंबरात रॉबिन मिल्नरचं पुस्तक १९८०चं.

मला मिल्नरचा मुद्दा सगळ्यात आवडतो. चहा-कॉफीची दोन मशीनं घ्या. पहिल्यात नाणं टाकलं की निवड तुमची. दुसरं नाणं पडताच आतल्या आत ठरवून टाकतं, आज चहा की कॉफी. दोघांची नोंदवही बघाल तर सारखीच: नाणं-चहा, नाणं-कॉफी. जुनं गणित म्हणायचं, दोन्ही एकच. पण दुसऱ्यासमोर तुम्ही चहाचं बटण दाबत उभे राहाल आणि ते ढिम्म हलणार नाही. मिल्नर म्हणाला, नुसती नोंदवही नको. प्रत्येक पायरीवर पुढे काय काय शक्य आहे ते ताडून बघा.

हे पुस्तक कुणी वाचलं असतं तर माणसं वाचली असती, असा माझा दावा नाही. पण कंपनीने १९८३ मध्ये सुरक्षेचं जे विश्लेषण केलं, त्यात प्रोग्राममधल्या चुका जवळपास धरल्याच नव्हत्या. जुन्या मॉडेलमधली यांत्रिक कुलपंही काढून टाकली होती, कारण काय, तर सॉफ्टवेअर आहे ना! १९८५ ते ८७ मध्ये असे ६ अपघात झाले, तेव्हा कुठे हार्डवेअरचं स्वतंत्र कुलूप परत बसवायचं ठरलं.